चार दिवस, एकोणीस माणसं आणि दोन बर्नरची शेगडी

काकू, नमस्कार.

आम्ही डोंबिवलीला राहतो, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. येत्या गुरुवारी रात्री सासरची मंडळी कराडहून मे महिन्याच्या सुट्टीला येतायत. दोन्ही दीर-जावा, नणंद, तिचे यजमान, सगळ्यांची मुलं आणि चुलत सासूबाई. आम्ही घरातले धरून एकोणीस माणसं, त्यात सात मुलं. सोमवारी सकाळी निघतील. माणसं चांगली आहेत, ती यावीत असं मलाही मनापासून वाटतं. पण आठ जणांच्या वर मी कधी स्वयंपाक केलेला नाही. दोन बर्नरचा गॅस, एक पाच लिटरचा कुकर, एक तीन लिटरचा. रजा फक्त शुक्रवारची मिळाली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना उभं राहवत नाही. नवरा म्हणतो बाहेरून मागवू, पण एवढ्या माणसांचं चार दिवस मागवणं परवडणार नाही आणि सासूबाईंनाही ते रुचणार नाही. पोटभर होईल आणि मला झेपेल असं काय करू? पोळ्यांच्या विचारानेच झोप उडालीय.

— एक वाचक, डोंबिवली

*

अगं, तू काकू म्हणालीस म्हणून मीही एकेरीवर येते.

लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात आमच्याकडे बावीस माणसं होती. सासूबाई आजारी, जाऊ माहेरी. मी हौसेनं पुरी-भाजी-श्रीखंडाचा बेत केला. सकाळी साडेदहाला कढईपुढे उभी राहिले ती दोन वाजेपर्यंत. तीन पंगती उठल्या, हसण्याखिदळण्याचे आवाज ऐकू येत होते आणि मी तळत होते. शेवटी बार्शीच्या आत्याबाई पाणी प्यायला आत आल्या, मला वळवून समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "तू होय गं आमची सून? सकाळपासून तुझी पाठच बघतेय मी." त्यांनी गॅस बंद केला आणि मला हाताला धरून पानावर बसवलं. पुऱ्या संपल्या होत्या. मी भाजी-भात खाल्ला, पण त्या शेजारी बसून राहिल्या. त्या दिवसापासून पाहुणे म्हटलं की मी आधी एकच बघते, की या बेतात मला सगळ्यांबरोबर बसून जेवता येईल का. तुलाही तेच सांगणार आहे, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहितेय.

आता पोळ्यांचा हिशेब मांडू. बारा मोठी माणसं, प्रत्येकी चार, आणि सात मुलं, प्रत्येकी दोन. म्हणजे एका जेवणाला ६२ पोळ्या. लाटून भाजून एकीला दीड मिनिट धरलं तरी दीड तास झाला, कणीक मळणं वेगळंच. शुक्रवार ते रविवार सहा जेवणं, म्हणजे नऊ तास तू तव्यासमोर. ते करायचं नाही. जे पदार्थ एकेक करून तव्यावर किंवा कढईत करावे लागतात ते या चार दिवसांतून काढून टाक. पोळ्या, पुऱ्या, थालीपीठं, घावन, डोसे, सगळे. थालीपीठ मला जिवापाड आवडतं, पण ते चार माणसांचं. एका पातेल्यात शिजेल, झाकण घातल्यावर आपलं आपण होईल आणि थोडं थांबलं तर बिघडणार नाही, असंच निवड.

साबुदाण्याची खिचडीही नको. थोडी केली तर मोकळी होते, मोठ्या कढईत हमखास गोळा होतो.

पोळी-भाकरीशिवाय गत्यंतर नाही अशी दोनच जेवणं मी ठेवलीत, आणि त्या दोन्ही वेळी बाहेरून आणायच्या. डोंबिवलीसारखी पोळी-भाजी केंद्रं सगळीकडे नसतात, तुझ्या घराजवळ दोन-तीन तरी असतील. आदल्या दिवशी आकडा सांगून ठेव. सासूबाईंना मात्र हे आजच सांग, गुरुवारी नको. "आई, पोळ्या मी बाहेरून घेणार आहे, पण चटणी आणि लोणचं तुमच्याच हातचं हवं," असं सांगितलंस तर त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही. बसून करता येतील अशी कामं त्यांना खरंच दे. लसूण सोलणं, तोंडली चिरणं, मटकी निवडणं. घरात एवढी माणसं आलेली असताना मोठ्या बाईला नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवलं की तिला फार लागतं.

भांडी भाड्यानं आण. मंडपवाल्याकडे मिळतात, नाहीतर तुमच्या सोसायटीच्या गणपतीची असतील तर विचार. जाड बुडाचं १२ लिटरचं एक पातेलं, ८ लिटरचं एक, एक मोठी परात, ओगराळं आणि लांब दांड्याचा झारा, एवढं पुरतं. कुकरवर भरवसा ठेवू नकोस. डाळ-तांदूळ फुगतात म्हणून कुकर पाण्यासकट निम्माच भरायचा असतो, त्यामुळे पाच लिटरच्या कुकरात एकोणीस जणांची खिचडी मावणारच नाही. आणि दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना, ते आजच बघ.

गुरुवारी रात्री मंडळी दमून येतील, कदाचित अकरा वाजतील. मुगाची खिचडी आणि कढी कर. एक किलो तांदूळ, अर्धा किलो मुगाची डाळ, मोठ्या पातेल्यात, पाणी सढळ हातानं. थांबली की घट्ट होते, म्हणून शेजारी गरम पाणी ठेव आणि वाढताना सैल कर. कढीला दीड किलो दही आणि सव्वाशे ग्रॅम बेसन. उकळी फुटेपर्यंत ढवळत राहायचं आणि मीठ शेवटी घालायचं, म्हणजे फुटत नाही. भाजलेले पापड, लोणचं, तूप. झालं जेवण.

शुक्रवारी तू घरी आहेस, म्हणून दुपारी मसालेभात. हा जरा नीट सांगते, कारण मोठ्या मापात हाच जास्त फसतो.

तांदूळ दीड किलो, जुना कोलम. आंबेमोहोराचा वास सुंदर, पण एवढ्या मोठ्या पातेल्यात खालचा भात गिच्च होतो. तांदूळ धुऊन चाळणीत अर्धा तास निथळत ठेव. पाऊण किलो तोंडली उभी चिरलेली, अर्धा किलो मटार (मे महिन्यात गोठवलेलाच घे), परवडलं तर मूठभर काजू. दीड वाटी तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, तमालपत्र, मग तोंडली. तोंडल्यांचा कच्चा हिरवा रंग उतरला की तांदूळ आणि सहा मोठे चमचे गोडा मसाला. आता घाई करू नकोस. मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटं परत, झाऱ्यावर तांदूळ जड लागायला लागेल आणि मसाल्याचा वास बाहेरच्या खोलीत जाईल. मटार आणि काजू तेव्हा घाल. दुसऱ्या बर्नरवर पाणी खळखळ उकळत असलं पाहिजे. घरी आपण तांदळाच्या दुप्पट पाणी घेतो. मोठ्या पातेल्यात तेवढं आटत नाही, म्हणून एका वाटीला पावणेदोन वाट्या. मीठ साडेतीन सपाट मोठे चमचे, पण माझ्या मापावर जाऊ नकोस. ते पाणी चमचाभर चाखून बघ, आमटीपेक्षा जरा जास्त खारट लागायला हवं, कारण भात ते मीठ पिऊन टाकतो.

पाणी तांदळाच्या बरोबरीला आलं आणि वर बारीक भोकं दिसायला लागली की पातेल्याखाली लोखंडी तवा सरकव, आच अगदी मंद कर, घट्ट झाकण. पंधरा मिनिटांनी गॅस बंद, आणि पुढची वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. त्या वीस मिनिटांत तू तोंड धू, साडी नाहीतर ड्रेस बदल, केस विंचर. मग कडेनं झारा घालून भात अलगद वर उचल, मधोमध ढवळू नकोस. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, साजूक तूप. बरोबर मठ्ठा आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर. कोशिंबिरीला मीठ पानं मांडल्यावर घाल, आधी घातलंस तर पाणी सुटतं. जिलब्या बाहेरून एक किलो आणल्या की हे जेवण कुठल्याही लग्नाच्या पंगतीत शोभेल.

तिखटाबद्दल एक सांगायचं राहिलं. माणसं चौपट झाली म्हणून तिखट चौपट घालू नये, तिप्पट घालून थांबावं आणि चाखावं. मुलं आहेत तुमच्याकडे सात.

शुक्रवारी रात्री चकोल्या. तुझ्या सासरी हाच शब्द असेल, माझ्या माहेरी मराठवाड्यात आम्ही वरणफळं म्हणायचो. सहाशे ग्रॅम तुरीची डाळ, एक किलो कणीक. कणकेच्या मोठ्या पोळ्या लाटून शंकरपाळ्याच्या कातण्यानं कापायच्या, आणि हे काम जावांना आणि मुलांना दे. आमटी चिंच-गुळाची, चांगली उकळती, आणि चकोल्या थोड्या थोड्या सोडायच्या, एकदम ओतल्या तर चिकटतात. या मात्र थांबत नाहीत. माणसं बसली की मगच शेवटची उकळी काढ. पानात वर तुपाची धार.

शनिवारी सकाळी नाश्ता आणि दुपारचं जेवण एकच ठेव, साडेदहा-अकराला मिसळ.

आठशे ग्रॅम मटकी शुक्रवारी सकाळी भिजत घाल आणि संध्याकाळी सहाला फडक्यात बांध. या उकाड्यात बारा तासांत मोड येतात. त्याहून जास्त वेळ ठेवलीस तर आंबूस वास येतो, सकाळी सोडलीच पाहिजे. मटकी पातेल्यातच शिजव, हळद-मीठ घालून बारा-पंधरा मिनिटं. कुकरला लावलीस तर मोड गळून लगदा होतो. वाटण बुधवारी रात्रीच करून फ्रीजरमध्ये टाक. एक किलो कांदा आणि पाव किलो सुकं खोबरं खरपूस भाजून, शंभर ग्रॅम लसूण, पन्नास ग्रॅम आलं. आणि कांदा-लसूण मसाला तू विकत आणू नकोस. कराडला आजच फोन कर आणि जाऊबाईंना सांग, येताना तुमच्या घरचा मसाला आणा, इथे तसा मिळत नाही. त्या मोठी बरणी घेऊन येतील आणि कट कसा झालाय हे बघायला स्वतः स्वयंपाकघरात येतील. येऊ दे. ओगराळं त्यांच्या हातात दे.

कट पाच लिटर तरी हवा आणि पातळ हवा. तर्री वेगळी कर, म्हणजे मुलांना आणि चुलत सासूबाईंना त्रास नाही. एक वाटी तेल तापवून गॅस बंद कर, मिनिटभर थांब, मग लाल तिखट घाल. तेल कडकडीत असताना घातलंस तर तिखट करपतं आणि घरभर ठसका उठतो. ज्याला हवी त्यानं वरून घ्यावी. पाव सहा डझन, फरसाण एक किलो, कांदा, लिंबू, आणि मुलांसाठी दही. मिसळीत एक मोठी सोय अशी, की ताट ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं असतं. तू कट उकळत ठेवून सगळ्यांबरोबर बसू शकतेस. बस.

शनिवारी रात्री आमरस-पोळी, ६५ पोळ्या केंद्रातून. रसाला मी पायरीच घेते, हापूस कापून खायला. चार डझन पायरी एवढ्यांना पुरतात. तासभर पाण्यात बुडवून ठेव आणि मग रस काढायला मुलांना बसव, मोठ्या परातीभोवती, जुने कपडे घालून. मिक्सरनं पटकन होईल, पण कोपरापर्यंत रस ओघळलेली सात मुलं पुढची वीस वर्षं तुझ्या घराची आठवण काढतील. माझी आई रसाच्या पातेल्यात दोन कोयी ठेवायची, रस काळा पडत नाही म्हणून. मीही ठेवते. बरोबर बटाट्याची सुकी भाजी, दोन किलो बटाट्यांची, आणि कुरडया.

रविवार दुपारसाठी तुझ्या सासरच्यांना विचार. कराडची मंडळी म्हणजे मटण खाणारी असावीत, पण सगळी खातात का ते तुलाच माहीत. खात असतील तर तीन किलो मटण पुरे, मोठ्यांना २०० ग्रॅम आणि मुलांना १०० धरून, रस्सा भरपूर. मटणाचं काम दिरांकडे सोपव. आणणं, धुणं, शिजवणं सगळं. रविवारचं मटण करायची हौस पुष्कळ पुरुषांना असते, ती तुझ्या कामी येऊ दे. न खाणाऱ्यांसाठी पाऊण किलो अख्खा मसूर कर. हा तिकडचाच पदार्थ, कराड-इस्लामपूर-सांगलीच्या वाटेवरच्या हॉटेलांत लोक मुद्दाम गाडी थांबवून खातात. दोन तास भिजला की लवकर शिजतो, आणि मसाला तोच, जाऊबाईंच्या बरणीतला. भाकऱ्या ४० सांगून आण, एक किलो तांदळाचा भात टाक. रात्री सगळ्यांची पोटं भरलेली असतात. पिठलं-भात, ठेचा, बास.

सकाळच्या नाश्त्याला एक दिवस कांदेपोहे आणि एक दिवस दडपे पोहे कर. कांदेपोह्यांना सव्वा किलो जाडे पोहे, पण सगळे एकदम भिजवू नकोस, दोन वेळा भिजव आणि दोन घाण्यांत कर, नाहीतर खालचे पोहे पिठासारखे होतात. दडप्यांना गॅसच लागत नाही, फोडणीपुरता तेवढा. एक किलो पातळ पोहे, दोन नारळ खवून, नारळाचं पाणी, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर. कालवून वर ताट आणि ताटावर वजन ठेवून अर्धा तास दडपायचे, वरून हिंग-मिरचीची फोडणी. कोकणातल्या बायकांनी हा पदार्थ भरल्या घरासाठीच शोधून काढला असावा असं मला दर वेळी वाटतं.

आता एका गोष्टीची खरोखर काळजी घे. उन्हाळा आहे आणि फ्रीज एकच. शिजलेला भात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नकोस. भातात एक जंतू असा असतो की त्याचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही, आणि मग घरात पाच-सहा जणांना उलट्या. उरलेला भात लगेच परातीत पसरून निववायचा आणि डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायचा, सकाळी फोडणीचा भात. ओल्या खोबऱ्याचं काहीही दुसऱ्या दिवशी ठेवू नकोस. फ्रीजमधल्या रोजच्या बाटल्या, मुरंबे, सॉस चार दिवस बाहेर काढ आणि पाण्यासाठी दोन माठ आण. माठाचं पाणी उन्हातून आलेल्या माणसाला जास्त बरं वाटतं, आणि फ्रीज दर दोन मिनिटांनी उघडला जात नाही.

नवऱ्याला "मदत कर" असं मोघम सांगू नकोस. त्याच्या वाटणीची कामं कागदावर लिहून दे: भांडी आणणं-पोचवणं, सिलिंडर, पाव, आंबे, पोळ्या, आणि जेवणं झाल्यावर ताटं उचलून खरकटं काढणं. बाहेरून मागवण्याइतकी त्याला तुझी काळजी आहे, तर हे तो करेल. कामवाल्या मावशींना चार दिवसांचे वेगळे पैसे आधीच ठरवून सांग. एकोणीस ताटं म्हणजे त्यांचं काम दुपटीहून जास्त आहे, आणि आयत्या वेळी त्या आल्या नाहीत तर तो दोष त्यांचा नाही.

खोली लहान आहे तेव्हा दोन पंगती होतीलच. पहिली मुलांची आणि चुलत सासूबाईंची, दुसरी उरलेल्या सगळ्यांची. पातेली, ओगराळं, पाण्याचा तांब्या पंगतीच्या मधोमध ठेव, ज्याला हवं त्यानं घ्यावं. कुणी म्हणेल, "तू वाढ, आम्ही बसतो." तेव्हा तुझं पान आधीच मांडलेलं असू दे, शक्य तर चुलत सासूबाईंच्या जवळ. त्या जेवून झाल्यावरही गप्पा मारत बसतील.

सोमवारी निघताना शिदोरी द्यायची म्हणून पहाटे उठू नकोस. रविवारच्या भाकऱ्या सांगशील तेव्हाच ४० पोळ्या जास्तीच्या सांग, रात्री घेऊन ये. सकाळी एका बर्नरवर दीड किलो बटाट्यांची कोरडी भाजी, कांदा न घालता, म्हणजे टिकते. दुसऱ्यावर चहा. पोळीत भाजी आणि सासूबाईंची शेंगदाण्याची चटणी गुंडाळून कागदात बांध, माणशी दोन. जाऊबाईंची मसाल्याची बरणी रिकामी परत देऊ नकोस, तिच्यात काहीतरी भर. डोंबिवलीत चिवडा चांगला मिळतो.